खांदेमळणी कार्यालयातली: सहकाऱ्यांचे आभार नेमके कसे मानावेत

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना ओढ्यावर नेऊन धुतात आणि घरी आणल्यावर हळद व लोणी किंवा तूप लावून त्यांचे खांदे चोळतात, शेकतात. याला खांदेमळणी म्हणतात. विदर्भात हीच खांदशेकणी. मग "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे बैलांना सांगितले जाते. शिंगांचा रंग, बेगड, झूल आणि मिरवणूक हे सारे दुसऱ्या दिवशी, चारचौघांनी पाहावे म्हणून असते. खांद्याला तूप मात्र आदल्या दिवशी, गोठ्यात आणि वर्षभर जिथे जू रुतले नेमक्या त्याच जागी लागते.

आपल्या कार्यालयांत झूल पांघरणे भरपूर चालते. वर्धापनदिनाचे आभारप्रदर्शन, दिवाळीची भाषणे आणि निवृत्तीच्या दिवशीचे शाल-श्रीफळ यांची आपल्याकडे वानवा नाही. खांदेमळणी मात्र क्वचितच होते, कारण त्यासाठी जू कुठे रुतते हे आधी पाहावे लागते. पुण्याच्या आसपासच्या लहान-मध्यम कारखान्यांच्या लेखा विभागांत बावीस वर्षे काढल्यावर मला जे जमले आणि जे फसले, त्यावरून हा क्रम लिहीत आहे. कार्यालय सरकारी असो वा खासगी, तो थोड्याफार फरकाने लागू पडावा.

पहिले दोन आठवडे: केवळ टिपणे

बहुतेक जण ‘उद्यापासून सगळ्यांचे आभार मानायचे’ असे ठरवून सुरुवात करतात आणि चार दिवसांत थकतात. शिवाय हे गृहस्थ राजीनामा देणार आहेत की काय, अशी शंका सहकाऱ्यांना येते ती वेगळीच. म्हणून पहिले दोन आठवडे कोणालाही काही बोलू नये. कामाच्या डायरीची मागची दोन पाने घ्यावीत आणि त्यांवर तीन रकाने आखावेत: कोणी, काय केले, आणि त्यामुळे माझे काय वाचले.

यातला तिसरा रकाना सर्वांत अवघड आहे आणि सगळी मेहनत तिथेच घ्यायची आहे. कार्यालयातले पुष्कळसे चांगले काम हे काहीतरी होऊ न देण्याचे असते, आणि जे घडलेच नाही ते कोणाच्या नजरेस पडत नाही. एक प्रसंग सांगतो. महिनाअखेरीच्या एका संध्याकाळी आमच्याकडून बंगळूरला माल जायचा होता. ट्रान्सपोर्टवाल्याची ठरलेली गाडी बिघडल्याने त्याने ऐनवेळी दुसरी पाठवली. माल भरून झाला, कागद ड्रायव्हरच्या हातात गेले आणि गाडी फाटकाकडे वळली. डिस्पॅचच्या काकांनी सवयीने गाडीच्या नंबर प्लेटकडे पाहिले, मग हातातल्या ई-वे बिलाकडे (जीएसटीखाली मालासोबत न्यायच्या वाहतुकीच्या दाखल्याकडे) पाहिले आणि गाडी थांबवली, कारण बिलावर अजून जुन्याच गाडीचा क्रमांक होता. ते पुन्हा आत आले, संगणक सुरू करून बिलाच्या पार्ट-बीमधला, म्हणजे वाहनाच्या तपशिलाच्या भागातला, क्रमांक बदलला, नवी प्रत काढली आणि मगच गाडी सोडली. या सगळ्यात त्यांची सात दहाची बस गेली. तशीच गाडी गेली असती आणि वाटेत तपासणी पथकाने अडवली असती, तर दंडाची रक्कम भरेपर्यंत माल तिथेच अडकला असता, तिकडे ग्राहकाचे काम खोळंबले असते आणि महिनाभर मी स्पष्टीकरणे लिहीत बसलो असतो. प्रत्यक्षात काहीच झाले नाही आणि म्हणूनच कोणी काही बोलले नाही. मलाही ही गोष्ट कळली ती दहा दिवसांनी, दोन प्रती का निघाल्या याची चौकशी करताना.

तिसरा रकाना भरण्यासाठी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: या माणसाने आज रजा घेतली असती, तर माझे नेमके काय अडले असते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिल्या आठवड्यात मला चारच नावे सापडली होती. दुसऱ्या आठवड्यात ती अकरा झाली. माणसे तीच होती, फक्त मी पाहायला लागलो होतो.

दोन आठवड्यांनंतरही ही टिपणे चालू ठेवावीत, पण आठवड्यातून एकदाच. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्युलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही जणांना आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटणाऱ्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितले होते, तर काहींना त्रासदायक गोष्टी लिहायला सांगितले होते. पहिल्या गटातील लोक आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर सहा आठवडे अशी नोंद आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा करणाऱ्यांना फारसा झाला नाही. रोजची नोंद लवकरच हजेरीपटासारखी होते, हा माझाही अनुभव आहे. शुक्रवारी किंवा शनिवारी, टेबल आवरण्यापूर्वीची दहा मिनिटे यासाठी पुरतात.

वाक्य कसे बांधावे

आता बोलण्याकडे येऊ. "छान काम केलेत", "ग्रेट जॉब", "टीमचे आभार" ही वाक्ये कोणालाही, कधीही आणि काहीही न पाहता म्हणता येतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला ती आपल्यासाठी वाटत नाहीत. आभाराच्या वाक्यात तीन गोष्टी याव्यात: त्या व्यक्तीने केलेली नेमकी कृती, त्यासाठी तिला पडलेला त्रास आणि तिच्यामुळे टळलेले किंवा साधलेले काम. ही माहिती वहीच्या तीन रकान्यांतच तयार असते. उदाहरणार्थ: "काका, मागच्या महिनाअखेरीला गाडी फाटकातून परत बोलावून तुम्ही ई-वे बिल बदललेत, त्यात तुमची बसही गेली. तुम्ही पाहिले नसते तर माल रस्त्यात अडकला असता आणि मी महिनाभर निस्तरत बसलो असतो." या वाक्यांत ‘धन्यवाद’ हा शब्द कुठेच नाही, आणि त्याची गरजही भासत नाही.

हा मुद्दा मराठीत विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या बोलण्यात ‘धन्यवाद’ हा शब्द सभेतला आहे, ‘आभारी आहे’ हा पत्रातला आहे आणि ‘थँक्यू’ तर इतका गुळगुळीत झाला आहे की रिक्षातून उतरताना आणि फोन ठेवताना तो आपोआप तोंडातून निघतो. जवळच्या माणसाचे औपचारिक आभार मानले, तर "आभार मानून परके करता काय?" असे तो म्हणतो, आणि त्यात तथ्य असते. पण याचा अर्थ मराठी माणसाला कृतज्ञता व्यक्त करता येत नाही असा नाही. "तुम्ही होतात म्हणून निभावले", "बरे झाले तुमच्या लक्षात आले", "तुमच्यामुळे वाचलो", "तुमच्या जिवावर मी निर्धास्त होतो" ही आपल्या रोजच्या तोंडची वाक्ये आहेत आणि त्यांत उपचाराचा वासही नाही. ज्याला जे सहज येते ते त्याने वापरावे.

याच्याही आधीची एक पायरी आहे, ती म्हणजे संबोधन. पन्नाशीच्या शिपायाला "ए, इकडे ये" म्हणून हाक मारणाऱ्या साहेबाने वर्षातून एकदा त्याचे आभार मानले, तर ते ऐकणाऱ्याच्या कानापलीकडे जात नाहीत. मामा, मावशी, काका, ताई, दादा यांपैकी जे त्या कार्यालयात रूढ असेल ते म्हणावे, आणि क्रियापद मात्र न विसरता ‘तुम्ही’चे ठेवावे, "मावशी, तू हे उचल" यात मावशी नावापुरतीच राहते. आडनावाने हाक मारण्याची पद्धत असेल तर त्यापुढे ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ हे केवळ अधिकाऱ्यांसाठीच का राखून ठेवले जाते, याचाही एकदा विचार करावा.

केव्हा आणि कोणासमोर

शक्यतो त्याच दिवशी, फार तर दोन दिवसांत, समोरासमोर आणि त्या माणसाच्या जागी जाऊन बोलावे. केबिनमध्ये बोलावणे पाठवले की माणूस येतानाच धास्तावतो आणि तुमचे निम्मे बोलणे त्याच्या धडधडीत वाया जाते. चालत त्याच्या टेबलापाशी, स्टोअरच्या खिडकीशी किंवा फाटकाशी जावे, एक मिनिट बोलावे आणि लगेच परतावे. त्याच दमात "आणि हो, ते मागच्या महिन्याचे स्टेटमेंट..." असे काम सांगू नये. आभारांच्या शेपटीला काम बांधले की पुढच्या वेळी तुम्ही दिसताच त्याला काम दिसते.

सर्वांसमोर बोलावे की एकट्याने, याचा निर्णय त्या माणसाच्या स्वभावावर सोडावा. काही जण चारचौघांत नाव घेतल्यावर खुलतात, तर काहींना शरमल्यासारखे होते आणि जेवणाच्या सुट्टीत मित्रांची थट्टा सोसावी लागते. शंका असेल तेव्हा आधी एकट्याला सांगावे आणि "हे मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितले तर चालेल ना?" असे सरळ विचारावे.

आपल्यालाच संकोच वाटतो, त्याचे काय? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कोणाला तरी कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाजही विचारला. लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा वाचणाऱ्यांना संकोच कमी झाला, तर आश्चर्य आणि आनंद जास्त झाला. आपण शब्दांच्या नेमकेपणाची चिंता करत बसतो आणि समोरच्याचे लक्ष मुख्यतः त्यामागच्या आपुलकीकडे असते. अडखळत बोललो तरी चालते.

अशा एखाद-दोन वाक्यांचा परिणाम किती, हे ॲडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या २०१० सालच्या शोधनिबंधात पाहायला मिळते. अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या कष्टांबद्दल आपण कृतज्ञ आहोत असे सांगितले. पुढच्या आठवड्यात या गटाचे फोन निम्म्याहून अधिक वाढले. दुसऱ्या गटाचे होते तेवढेच राहिले. फोन जास्त व्हावेत म्हणून आभार मानावेत असे मी सुचवत नाही. तसा हिशेब मनात ठेवला की तो आवाजात उतरतो. पण "बोलून काय होणार?" असे विचारणाऱ्या व्यवस्थापकापुढे हे उदाहरण ठेवता येते.

कागदावर उतरवणे

तोंडी आभार मनाला बरे वाटतात, लेखी आभार उपयोगी पडतात. सहकाऱ्याने विशेष काही केले असेल तर त्याच्या वरिष्ठाला चार ओळींचा ईमेल पाठवून त्याची प्रत त्यालाही पाठवावी. त्यात विशेषणे घालू नयेत. तारीख, काम आणि परिणाम लिहावा. मार्चमध्ये मूल्यमापनाचा अर्ज भरताना वर्षभरात आपण काय केले हे भल्याभल्यांना आठवत नाही, आणि जे मागे राहून काम करतात त्यांना तर मुळीच मांडता येत नाही. सरकारी नोकरीत ज्याला अजूनही सवयीने गोपनीय अहवाल म्हणतात, त्यातील शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यापुढे असे टिपण असेल तर ‘चांगला’ आणि ‘उत्कृष्ट’ यांतला फरक त्याला कारणासह लिहिता येतो.

लेखी कृतज्ञतेचा दुसरा प्रकार म्हणजे श्रेय. कनिष्ठाने रात्री जागून तयार केलेला तक्ता वरिष्ठाने आपल्या नावाने संचालकांपुढे मांडावा आणि बाहेर आल्यावर त्याला चहा पाजावा, हा प्रकार आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असेही वाटेनासे झाले आहे. तक्त्याच्या खाली करणाऱ्याचे नाव घालावे, आणि शक्य असेल तेव्हा मांडायलाही त्यालाच उभे करावे. तेवढे केले तर चहाची गरज राहत नाही.

वरिष्ठांचे आभार: चमचेगिरी टाळून

साहेबांचे आभार मानायला अनेकांची जीभ रेटत नाही, कारण आजूबाजूचे काय म्हणतील ही भीती असते. ती निराधार नाही, म्हणून काही पथ्ये पाळावीत. आपले कोणतेही प्रकरण, म्हणजे रजा, बदली किंवा पगारवाढ, त्यांच्या टेबलावर प्रलंबित नसताना बोलावे. त्यांच्या स्वभावाची स्तुती करू नये, त्यांनी घेतलेल्या एका निर्णयाविषयी बोलावे: "ग्राहकाने फोनवर आवाज चढवला तेव्हा तुम्ही चूक विभागाची म्हणून स्वतःवर घेतलीत, माझे नाव पुढे केले नाहीत, हे माझ्या लक्षात आहे." आणि हे इतरांच्या देखत बोलू नये. साक्षीदार नसले की त्याचा अर्थ कोणी दुसरा लावत नाही.

यादीबाहेरची माणसे

वहीतली नावे महिन्याभराने पाहिली तर बहुधा ती सगळी आपल्याच मजल्यावरची आणि पगारपत्रकावरची निघतील. इथे थांबून पुढची यादी मुद्दाम करावी लागते: सकाळी साडेसातला येऊन आपण यायच्या आत लाद्या पुसून जाणाऱ्या मावशी, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, कॅन्टीनचा मुलगा, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, कंत्राटदाराकडून आलेले हेल्पर. यांची नावे बहुतेकांना माहीत नसतात. म्हणून पहिले काम आभार मानण्याचे नाही, नाव विचारण्याचे आहे. आणि नाव विचारले की ते दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवण्याचे आहे.

दिवाळीच्या मिठाईचा प्रसंग यासाठी मी नेहमी सांगतो. एका ठिकाणी कायम कामगारांना एक किलोचा सुक्या मेव्याचा डबा आणि कंत्राटी कामगारांना पाव किलो सोनपापडी मिळत असे, आणि दोन्हींचे वाटप एकाच फाटकाशी, एकाच रांगेत, यादी पाहून होत असे. हाती सोनपापडी आल्यावर मागच्याच्या हातातल्या डब्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करणारे चेहरे मी वाटपाच्या टेबलामागे बसून पाहिले आहेत. काही न देणेही त्यापेक्षा बरे, असे माझे मत त्या दिवशी झाले. पुढच्या वर्षी आम्ही हिशेब मांडला तेव्हा सर्वांना अर्ध्या किलोचा सारखाच डबा देऊन खर्च जवळजवळ तेवढाच येत होता. भेटवस्तू द्यायची असेल तर ती एकसारखी असावी, नाहीतर देऊ नये.

संस्थेच्या पातळीवर

सण आणि रिवाज आयते हाताशी आहेत. खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, त्यांना हार घातले जातात, लिंबू-नारळ होतो. त्या दिवशी यंत्रावर जो रोज उभा असतो त्याच्याच हातून नारळ फोडावा, आणि ते यंत्र वर्षभर का बंद पडले नाही हे देखभाल विभागाच्या माणसाला दोन मिनिटे सांगू द्यावे. हार घालायला आलेल्या साहेबांनी ते ऐकावे. साप्ताहिक बैठकीची पहिली पाच मिनिटे एकमेकांच्या कामाची दखल घेण्यासाठी ठेवता येतात, मात्र ‘प्रत्येकाने कोणाचे तरी नाव घ्यायचेच’ अशी सक्ती करू नये. सक्ती झाली की तिसऱ्या आठवड्यापासून जोड्या ठरतात आणि परस्परांची नावे घेतली जातात.

‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ या योजनेविषयी मी साशंक आहे. भिंतीवर एक फोटो लागतो आणि बाकीचे चाळीस जण आपले काय कमी पडले याचा विचार करतात. वर्षभराने सगळ्यांचा नंबर लागावा म्हणून पाळीपाळीने निवड होऊ लागते. निरोप समारंभाविषयी मात्र एक ठाम सूचना आहे. राज्य सरकारी कर्मचारी साधारणपणे ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, चतुर्थ श्रेणीतला ६० व्या वर्षी. त्या दिवशी शाल पांघरून बसलेल्या माणसाला आपण तीस वर्षांत काय काय केले हे पहिल्यांदाच ऐकायला मिळते. ती भाषणे आधी कधीतरी, निदान दर पाच वर्षांनी सेवेचा टप्पा पूर्ण होताना, त्याच्याशी बोलून घ्यावीत.

जिथे आभार चालत नाहीत

कायद्याने जे देणे लागते त्याला कृतज्ञतेचे वेष्टन घालू नये. बोनसचा मूळ कायदा १९६५ चा, आणि त्याने ठरवलेला किमान बोनस ८.३३ टक्के. तो पात्र कामगाराचा हक्क आहे, मालकाचा मोठेपणा नव्हे. ग्रॅच्युइटी, म्हणजे सरकारी मराठीतले उपदान, हा शब्द मुळात कृतज्ञतेशी नाते सांगतो, पण १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे ते देणे झाले: सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. कारखान्यातील जादा कामाला १९४८ च्या कायद्याने दुप्पट दर ठरला होता. हे पैसे वेळेवर न देता "आपण सगळे एक कुटुंब आहोत, तुमचे उपकार विसरणार नाही" असे भाषण करणारा मालक आभार मानत नसतो, मुदत मागत असतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्याने या लेखातील काहीही करण्याआधी आपली येणी मागावीत. तसेच कोणाला त्रास दिला जात असेल, अपमान होत असेल, तर "निदान नोकरी आहे याबद्दल कृतज्ञ राहा" हा सल्ला देणाऱ्याने तो स्वतःजवळ ठेवावा.

आभार स्वीकारणे

हा भाग बहुतेक लोक विसरतात. कोणी आपले आभार मानले की "छे, छे, त्यात काय एवढे", "ते तर माझे कामच आहे" असे आपण चटकन म्हणतो. नम्रतेने म्हणतो, पण सांगायला आलेल्याने जे नेमके पाहून आणले ते आपण त्याच्या हातात परत देतो आणि पुढच्या वेळी तो येत नाही. त्याऐवजी क्षणभर थांबावे, "हो, त्या दिवशी जरा धावपळच झाली, तुमच्या लक्षात आले, बरे वाटले" इतके म्हणावे आणि कामात दुसऱ्या कोणाचा हात असेल तर त्याचे नाव तिथेच सांगावे.

डिस्पॅचच्या काकांकडे मी गेलो तेव्हा वहीत पाहून वर दिलेले वाक्य जवळजवळ पाठ करून गेलो होतो. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "कुठली गाडी, साहेब?" अशी गाडी महिन्यातून दोन-तीनदा परत बोलवावी लागते, असे त्यांनी सांगितले. ट्रान्सपोर्टवाला गाडी बदलतो पण फोन डिस्पॅचला न करता खरेदी विभागाला करतो आणि तिथून निरोप येत नाही. त्या आठवड्यात आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याला डिस्पॅचचा नंबर दिला. काकांची सात दहाची बस आता सहसा चुकत नाही.